बेडं दिसलं तसं

आमच्या हॉटेलात उतरलेल्या माणसाला सकाळी नाश्त्याच्या वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो, "चालायला येणार काय?" विचारणारा माणूस सडपातळ, चौसष्ट वर्षांचा. अंगात पांढरा सदरा, हातात बांबूची काठी. तुम्ही हो म्हणालात की तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही, पायांकडे बघतो. पायांत चप्पल असेल तर म्हणतो, "ही जेवायला घाला. चालायला बूट." हा गंगाराम.

हॉटेल पूर्णगडच्या अलीकडे, सड्याच्या पायथ्याशी आहे. सडा म्हणजे आमच्या डोंगरांचा सपाट, कातळाचा माथा. खोल्या अकरा, मालक माझा भाचा अनिश. मी त्याची आत्या, उमा. पस्तीस वर्षं मी नाटक कंपन्यांबरोबर हिंडले. लांज्याला कापडी मंडपात खेळ केले, दापोलीला सामानाच्या पेट्यांवर बसून गेले. आता गुडघे प्रवेश घेऊ देत नाहीत. भाच्यानं मागची खोली दिली, मी आनंदानं घेतली. व्हरांड्यात बसते आणि माणसं बघते. माणूस आत कसा येतो यावरून तो निम्मा कळतो, हे मला रंगभूमीनं शिकवलं. गंगाराम कुणाच्याही जागेत शिरण्याआधी थांबतो. श्वासभर थांबतो, मग पाऊल टाकतो.

ही सवय त्याला नोकरीनं लावली. तो जमीन मोजणीच्या खात्यात साखळी ओढायचा. मोजणीदार साहेब एका जागी उभे राहत, आणि साखळीचं दुसरं टोक धरून गंगाराम काट्याकुट्यांतून, चिखलातून, दगडी गडगे ओलांडत पुढे जाई. हात वर झाला की ताण धरून उभं राहायचं. अशी छत्तीस वर्षं. पुढे साखळी जाऊन टेप आली, टेप जाऊन यंत्र आलं, आणि गंगाराम यंत्राची तिपाई वाहू लागला. रत्नागिरी, लांजा, राजापूर या तालुक्यांतल्या किती जमिनी त्याच्या पायांखालून गेल्या याचा त्यानंही हिशेब ठेवलेला नाही.

"आमी आलो की लोक घरातून बाहेर यायचे," तो सांगतो, "पण या-बसा म्हणायला नाय. आमच्यामागं भांडण येणार हे ठरलेलं."

आणखी एक गोष्ट तो आवाज न बदलता सांगतो. तो बौद्धवाडीतला. "साखळी हातात असली की खळ्यापर्यंत, अंगणात घ्यायचे. साखळी जीपमध्ये ठेवली की तोच मी बेड्याच्या बाहेर."

बेडं म्हणजे आमच्याकडचं फाटक. जांभ्या दगडाच्या गडग्यात एक फट असते, फटीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेले खांब, आणि त्या भोकांतून आडवे सरकवलेले चार बांबू. बांबू सरकवले की बेडं लागलं. ओढून बाजूला ठेवले की उघडं.

निवृत्त झाल्यावर अनिशनं त्याला बोलावलं. पाहुण्यांना आसपासची वाट दाखवायची, एवढंच काम. पहिल्या दिवशी तो पाहुण्यांना घेऊन निघाला तेव्हा वाटेवरच्या घरातून विचारणा झाली, "आता काय मोजायला आलास रे?" तो म्हणाला, "काय नाय. नुसतं चालायला." समोरचा माणूस क्षणभर गोंधळला आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. गंगारामनं ती हकीकत मला तीनदा सांगितली. हे काम त्याच्यासाठी काय आहे ते मला तेव्हा कळलं. लोकांच्या जमिनीवर त्याचं पाऊल पडतंय आणि कुणाच्या पोटात गोळा येत नाहीये, हे त्याला साठीनंतर पहिल्यांदा मिळालं होतं.

वाट साधी. हॉटेलच्या मागून पाणंद, पाणंदीतून गोदाच्या जागेत, तिच्या गोठ्याच्या बाजूनं वर, वरच्या टोकाला तिचं बेडं, बेड्यापलीकडे सडा. सड्यावरून मुचकुंदीची खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. ते बघायचं आणि त्याच वाटेनं परतायचं. सड्यावर जायला दुसरी वाट आहे, पण ती जुन्या चिरेखाणीच्या काठानं जाते. चिरे कापून झाले, खाण तशीच राहिली. सरळ कापलेली, दोन पुरुष खोल, तळाला पाणी. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं आणि काठ दिसत नाही. पाऊल टाकेपर्यंत जमीन आहे असं वाटतं.

गंगारामचे नियम चालता चालता येतात. निघताना ऑफिसात सांगून निघा, कोण कोण चाललं आणि कधी परतणार ते. भरवशाचं पाणी तेच जे पाठीवर आहे. दगड उलटू नका, खालचा विंचू तिथं राहतो. सुकं गवत आहे, सिगरेट खिशातच ठेवा. आणि बेडं दिसलं तसं ठेवा. लागलेलं दिसलं तर पलीकडे जाऊन पुन्हा लावा. उघडं दिसलं तर उघडंच सोडा.

हा शेवटचा नियम शहरातल्या माणसाला पटत नाही. पावसात शेतात भात उभं असतं, तेव्हा सगळी बेडी बंद. कार्तिकात भात घरी आलं की गुरं मोकळी सोडतात, सकाळी ती आपली आपण सड्यावर चरायला जातात आणि दिवस कलला की आपली आपण घरी येतात. तेव्हा बेडी उघडी. त्यात विसरभोळेपणा नसतो. ते बेडं उघडं राहिलं तरच गुरं घरी येतात.

गेल्या श्रावणात अनिशनं गोदाच्या बेड्याशी एक पाटी लावली, "कृपया फाटक बंद ठेवा". हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, सुबक. श्रावणात ती बरोबर होती. कार्तिक आला, बेडं उघडं झालं, पाटी तशीच राहिली. गंगाराम रोज तिच्याजवळून जात होता. अनिशला तो काही बोलला नाही. पाटी मालकानं लावलेली, आणि प्रत्येक बेड्याशी सगळ्यांच्या शेवटी आपणच असतो, मग काय बिघडतं, असं त्याला वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीच्या अखेरीस नऊ पाहुणे घेऊन तो गेला. परतताना सड्यावर एका जाड्या गृहस्थांचा पाय मुरगळला. गंगारामनं त्यांना खांद्याचा आधार दिला आणि तो पुढे निघाला. सगळ्यात शेवटी राहिली मनाली. ठाण्याची मुलगी, चोवीस-पंचवीसची, इतकी गुणी की वाटेत दिसलेले वेफरचे कागद उचलून खिशात भरत होती. ती बेड्याशी आली, पाटी वाचली आणि चारही बांबू ओढून भोकांत बसवले.

हॉटेलात आल्यावर तिनं मला तळहात दाखवला, बांबूनं खरचटलेला. "आजी, शेवटी मीच होते. फाटक अगदी नीट लावून आले."

"शाब्बास," मी म्हणाले. खरंच म्हणाले. गंगाराम तेव्हा आत त्या गृहस्थांच्या घोट्याला पट्टा बांधत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघून गेले आणि गोदा आली. गोदाचं वय शहात्तर. एकटी राहते, मुलगा मुंबईला. नऊवारी, कमरेला कोयती. तिचा आवाज असा की माझ्या कंपनीत असती तर शेवटच्या रांगेला पैसे परत मागायची वेळ आली नसती. ती हॉटेलच्या फाटकाबाहेर उभी राहिली आणि तिथूनच बोलली.

"गंगाराम! भायेर ये! माज्या बेड्याला कुणी हात लावलान?"

गंगाराम बाहेर गेला. मीही काठी घेऊन पायरीपर्यंत गेले.

"माजी गुरं रातभर वर ऱ्हायली. त्यातली चार बेड्याशी उभी व्हती सकाळी. पाडी चिरेखाणीत पडली. पाय मोडलान तिचा."

गंगारामचा चेहरा उतरला. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्याला सगळं कळलं.

"मी लावलं, वैनी," तो म्हणाला.

"तू? तू चुकीचं बेडं लावशील? उगा कायतरी सांगू नको. कुणी लावलान त्याचं नाव सांग."

"माझ्याबरोबर आलेल्यानं लावलं म्हंजे मीच लावलं."

"बरं. मग तुलाच सांगतंय. माज्या जागेतून आता कुत्रंसुदा जायचं नाय तुमच्या हाटेलातलं." ती वळली आणि पुन्हा फिरली. "फणस नेलास, आता पाडी."

फणसाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक. बावीस वर्षांपूर्वी मोजणी झाली आणि हद्दीवरचं एक कापा फणसाचं झाड गोदाकडून शेजाऱ्याच्या बाजूला गेलं. कागद करणारे साहेब बदलून गेले. साखळी धरणारा गंगाराम गावातच राहिला. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिच्या जागेतून तो पाहुणे नेत होता ते अनिशच्या आईच्या, माझ्या वहिनीच्या शब्दाखातर.

दुपारपर्यंत गोदानं पाणंदीच्या तोंडाशी करवंदीच्या काटेरी फांद्या टाकल्या. वाट बंद.

माणसं लावून, दोर बांधून गावकऱ्यांनी पाडी वर काढली. गंगाराम त्यात होता. गोदा त्याला नको म्हणाली नाही आणि ये असंही म्हणाली नाही. गुरांच्या डॉक्टरांनी पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, जगेल, पण लंगडेल.

मग दहा दिवस चालणं बंद. पाहुणे विचारत, गंगाराम म्हणे, "वाट बंद हाय." अकराव्या दिवशी अनिश फोन घेऊन आला. नकाशात दुसरी वाट दिसत होती, निळी रेघ, चिरेखाणीच्या काठानं.

"गंगारामकाका, ही चालेल ना? दोरी बांधू काठाला."

"तुम्ही बांधा दोरी," गंगाराम म्हणाला, "पण माणसं घेऊन मी जाणार नाय. पाडीला चार पाय व्हते तरी पडली."

"मग काय करायचं? लोक चालायला म्हणून येतात. तुम्ही घरी बसणार का?"

गंगाराम काठी या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात घेत राहिला. घरी बसणं म्हणजे काय ते तो दहा दिवस बघत होता.

अनिश वाईट नाही. पण त्याला उपाय सापडला की तो थांबत नाही. चार दिवसांत त्यानं गावनकाशाची नक्कल आणली आणि व्हरांड्यातल्या टेबलावर पसरली. गोदाच्या जागेतून वर सड्यापर्यंत एक तुटक रेघ जात होती. पायवाट. सरकारी कागदावर.

"बघा! वहिवाट आहे. अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देतात. मी अर्ज करतो, तुम्ही साक्ष द्या. तुमच्याइतका जाणकार साक्षीदार कोण आहे?"

गंगारामनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते. नाटकात अशा जागी आम्ही नुसते उभे राहायचो, आणि प्रेक्षक श्वास धरायचे. त्याच्यापुढे वाट होती, कायद्यानं शाबूत. नुसतं हो म्हणायचं होतं, आणि उद्यापासून तो पुन्हा सड्यावर.

"रेघ खरी हाय," तो म्हणाला. "पण आपण या रेघेवरनं चालत नव्हतो."

"म्हणजे?"

"ही रेघ इथनं जाते." त्यानं नखानं दाखवलं. "हितं आता गोठा हाय. गोदावैनीच्या सासऱ्यानं बांधला. लोकांनी वाट बाजूला घेतली. कुणी तक्रार केली नाय, कुणी कागद केला नाय. आपण जातो ती वाट कागदावर नायच. ती तिची मेहेरबानी हाय. तुम्ही अर्ज केलात तर गोठ्यावर येईल."

अनिशनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पण साक्ष दिलीत तर खोटं तर होणार नाही ना?"

"खोटं नाय होणार. म्हणून तर देणार नाय."

अनिशनं नकाशाची घडी घातली. पोराच्या कानात बोललेलं शिरतं, एवढं त्याच्या आईचं पुण्य.

संध्याकाळी चारच्या सुमारास गंगाराम मला म्हणाला, "ताई, गोदावैनीकडं येता काय? एकटा गेलो तर कोयती बघायला लागेल." मी काठी घेतली. काट्यांच्या फांद्यांपाशी तो थांबला आणि त्यानं हाक दिली. आत शिरला नाही.

गोदा गोठ्यातून आली. हात शेणानं भरलेले. "काय हाय?"

"बोलायचं होतं."

"तिथनंच बोल."

तो तिथूनच बोलला. पाटी श्रावणातली होती, कार्तिकात काढायला हवी होती, मी रोज बघत होतो आणि गप्प बसलो. शेवटी मी असायला हवा होतो, तो पुढे गेलो. चूक माझी. माफी मागतो.

गोदा ऐकत होती. "आणि फणसाची?"

माग बाबा, मी मनात म्हणाले, दोन शब्द जातायत, वाट मिळतेय.

"फणसाची नाय मागत," गंगाराम म्हणाला. "मोजणी बरोबर होती, वैनी. साखळी मी धरलेली, मला ठाऊक हाय. झाड तिकडंच होतं. बेड्याची चूक झाली, तिची मागतो."

गोदानं हातातलं शेण झटकलं. "बावीस वर्सं झाली," ती म्हणाली. "कुणी ह्यं तोंडावर सांगितलान नाय. सगळी म्हनायची, गोदा, तुजंच खरं."

"आणखी एक हाय," गंगाराम म्हणाला. "कागदावर वाट तुमच्या गोठ्यातून जाते. जुनी रेघ. कुणी अर्ज केला तर तरास होईल. तुम्हांला ठाऊक असावं म्हणून सांगतो. मुलाला सांगा, कागद नीट करून घेईल."

गोदाचे डोळे बारीक झाले. ती माझ्याकडे वळली. "उमा, ह्यो खरं बोलतोय?"

"नकाशा माझ्यासमोर होता," मी म्हणाले. "अनिश अर्ज करणार होता. ह्यानं करू दिला नाही."

"का रं? तुजी वाट सुटली असती."

"गोठा मोडून चालायला जायचं, ते कसलं चालणं?"

गोठ्यात पाडी हंबरली आणि गोदा आत गेली. आम्ही दोघं काट्यांबाहेर उभे. मला वाटलं, प्रवेश संपला, पडदा. परत वळणार तेवढ्यात ती बाहेर आली, हात धुतलेले.

"आईक. शिमग्यापर्यंतच. पुढं आंब्याचं दिवस, तवा कुणी येयाचं नाय. आणि ती पाटी घेऊन जा, वाचणारी मानसं लय वाईट."

"नेतो."

"नऊ-दहापरीस जास्त मानसं नकोत. पाचाच्या आत खाली."

"हो."

"आणि माज्या जागेत मी पुढं. तू मागं."

गंगारामला कळलं नाही. "तुम्ही?"

"मंग कोन? जागा माजी, वाट माजी. तुज्या मानसांस्नी मी नेईन वरच्या बेड्यापतुर. येताना मी उभी हाय थितं. बेडं उघडं का लागलेलं, ते माजं मी बघीन. तू सड्यावर काय ती तुजी खाडी दाव."

"चढ हाय, वैनी. पाय दुखतील तुमचे."

"तुजी शहरातली मानसं दमतील, मी नाय." आणि तिनं पायानं करवंदीच्या फांद्या बाजूला सरकवायला सुरुवात केली. गंगाराम काठी टाकून मदतीला वाकला. "आता ये आत," ती म्हणाली, "कोकम घेऊन जा. उमा, तूही ये, उभी काय नाटकासारखी?"

तो आत जाताना थांबला नाही, हे मी पाहिलं. बहुधा त्याच्या लक्षात आलं नसेल.

पुढच्या रविवारी आठ पाहुणे होते. मी पाणंदीच्या तोंडापर्यंत गेले. गोदा कोयती खोचून तयार होती. तिनं सगळ्यांच्या पायांकडे बघितलं, एका पोराला बुटाची नाडी बांधायला लावली आणि निघाली. तिच्या चालीनं सगळे हळू झाले. पुढचं मला गंगारामनं सांगितलं. मधेच एका बाईनं फोन काढला.

"आजी, तुमचा एक फोटो घेऊ?"

"घे. पन थांबून घे. चालत घेशील तर शेनात पडशील."

बाई हसली आणि चालतच घेऊ लागली. तिचा पाय शेणात गेला. गोदानं मागे वळूनही बघितलं नाही, नुसतं म्हणाली, "धुवायला वर पानी नाय हां."

सगळ्यात शेवटी गंगाराम. वरच्या बेड्याशी गोदा बाजूला झाली. एकेक माणूस बाहेर सोडला, गंगाराम जाताना म्हणाली, "पाचाच्या आत. मी हितंच हाय."

"हो, वैनी."

ते पावणेपाचला परत आले.